विश्लेषण : भिडे वाडा पडला, नायगावचे घर उभे राहिले... सावित्रीबाई फुले यांचा वारसा कोणत्या भिंतींत उरला?

नातेपुते : आषाढीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, पुण्याच्या भवानी पेठेत विसावते आणि हडपसर, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, बरड करत नातेपुत्यात मुक्कामाला येते. हा मार्ग आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. याच मार्गावर सावित्रीबाई फुले यांचे आयुष्यही मांडून पाहता येते. भवानी पेठेला लागून असलेल्या गंज पेठेत त्यांचा संसार झाला. हडपसरच्या माळावर त्यांनी प्लेगचे रुग्ण सांभाळले. सासवडला सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. आणि लोणंदहून शिरवळकडे वळले की खंडाळा तालुक्यात त्यांचे जन्मगाव नायगाव लागते.

यातले नायगावचे घर आज उभे आहे. गंज पेठेतला फुले वाडाही उभा आहे. पण ज्या इमारतीत त्यांनी मुलींना शिकवायला सुरुवात केली, तो बुधवार पेठेतला भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये जमीनदोस्त झाला. त्या जागेवर होणाऱ्या स्मारकाची पायाभरणी २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाली. एकाच व्यक्तीशी जोडलेल्या तीन वास्तूंचे नशीब इतके वेगळे का, हे समजून घ्यायचे तर आधी सावित्रीबाईंचे आयुष्य त्या कोणकोणत्या घरांत राहिल्या, शिकवल्या, यावरून पाहावे लागते.

नायगाव ते पुणे

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावात झाला. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाले. जोतीराव तेव्हा १३ वर्षांचे होते. फुल्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातलेच, खटाव तालुक्यातले कटगुण. म्हणजे माहेर आणि सासरचे मूळ दोन्ही आपल्या शेजारच्या दुष्काळी पट्ट्यातले.

लग्नाच्या वेळी सावित्रीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जोतीरावांची आई ते लहान असतानाच वारली होती. त्यांना सांभाळले ते नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी. या बाई मिशनरी कुटुंबाकडे कामाला होत्या आणि शिक्षणाने काय बदलते ते त्यांनी जवळून पाहिले होते. जोतीरावांनी सावित्रीबाई आणि सगुणाबाई या दोघींना शिकवले. पुढे सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या अध्यापन शाळेत शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या रीतसर डी.एड. झालेल्या शिक्षिका होत्या. नवऱ्याने हौसेने शिकवले आणि शाळेत उभे केले, एवढ्यावर त्यांची ओळख उरकली जाते, ती अपुरी आहे.

भिडे वाड्यात काय घडले?

१८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. जोतीराव २१ वर्षांचे, सावित्रीबाई १७ वर्षांच्या. पहिल्या दिवसांत सहा मुली आल्याचे सांगतात. त्या यादीत अन्नपूर्णा जोशी, सुमती मोकाशी, दुर्गा देशमुख, माधवी थत्ते, सोनू पवार आणि जानी करडिले ही नावे येतात. चार ब्राह्मण, एक मराठा, एक धनगर. माळशिरस तालुक्यातल्या वाचकाची नजर शेवटच्या नावावर थबकेल. पेशवाई जाऊन तीस वर्षे झालेल्या पुण्यात, ब्राह्मण जमीनदाराच्या वाड्यात, माळी समाजातली शिक्षिका या सहाजणींना एका खोलीत बसवून शिकवत होती.

ही देशातली मुलींची पहिली शाळा होती का? मिशनऱ्यांनी मुंबईत त्याआधी बरीच वर्षे मुलींच्या शाळा चालवल्या होत्या. बंगालमध्ये बारासातला १८४७ मध्ये स्थानिकांनी मुलींची शाळा काढली होती. त्यामुळे पहिली हा शब्द वापरताना भारतीयांनी चालवलेली, पुण्यातली, महाराष्ट्रातली अशी पुस्ती लोक आपापल्या परीने जोडतात. त्यावर समाजमाध्यमांवर दरवर्षी ३ जानेवारीला वाद झडतो. पण मराठी स्त्रीने मुलींची शाळा चालवली, तिथे स्वतः शिकवले आणि मुख्याध्यापिका म्हणून ती सांभाळली, हे या वाड्यात घडले. वाड्याचे मोल ठरते ते त्यावरून.

शाळेला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई, म्हणून त्या पिशवीत दुसरे लुगडे ठेवत आणि शाळेत पोचल्यावर बदलत, ही आठवण महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते. त्यामानाने कमी सांगितली जाते ती पुढची गोष्ट. १८४९ मध्ये जोतीरावांच्या वडिलांवर समाजाचा दबाव आला आणि या नवराबायकोला घर सोडावे लागले. त्यांना आसरा दिला उस्मान शेख यांनी. त्यांच्या घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या.

फातिमा यांच्याबद्दल कागदोपत्री फार कमी उरले आहे. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख येतो. आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी होत्या आणि शाळेचा सगळा भार फातिमावर पडला असेल, ही काळजी त्या पत्रात आहे. त्याच पत्रात त्यांनी माहेरच्या भावाशी झालेला वादही कळवला आहे. महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्हाला वाळीत टाकले, असे भावाचे म्हणणे होते आणि सावित्रीबाईंनी त्याला तिथल्या तिथे उत्तर दिले होते. हा वाद ज्या घरात झाला तेच घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. तिथे जाणाऱ्यांनी ही गोष्ट डोक्यात ठेवून ओसरीवर घटकाभर टेकावे.

शाळा अनेक, इमारत स्वतःची एकही नाही

भिडे वाड्यातली शाळा काही काळाने बंद पडली. पण काम थांबले नाही. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात शाळा सुरू झाली. त्याच वर्षी रास्ता पेठेत आणि मार्च १८५२ मध्ये वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलामुलींसाठीही वर्ग चालत. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदयमध्ये छापून आला. त्याच्या एक वर्ष आधी सावित्रीबाईंचा काव्यफुले हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला होता.

भिड्यांचा वाडा, चिपळूणकरांचा वाडा, शेखांचे घर. ज्या कामासाठी सावित्रीबाई ओळखल्या जातात, ते काम दुसऱ्यांच्या छपराखाली झाले. शाळेची स्वतःची इमारत नव्हती, त्यामुळे शाळा हलली की मागे राहणारा वाडा पुन्हा फक्त भिड्यांचा किंवा चिपळूणकरांचा होई. भिंतीवर पाटी नाही, सातबाऱ्यावर वा मिळकतपत्रिकेवर नोंद नाही. दीडशे वर्षांनी कोर्टात जे काही झाले, त्याचे मूळ इथे आहे.

गंज पेठेतले घर

फुले दाम्पत्याचे घर पुण्याच्या गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत आहे. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवा झालेल्या, फसवल्या गेलेल्या बायकांनी यावे, बाळंत व्हावे, मूल न्यायचे तर न्यावे, ठेवायचे तर ठेवावे. या बायकांची बाळंतपणे आणि मुलांचे संगोपन सावित्रीबाईंनी केले. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत. १८६८ मध्ये घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला. पुण्यात हे तेव्हा किती धाडसाचे होते हे सांगायला वेगळे उदाहरण नको. आपल्या गावच्या जुन्या आडांवर कोण पाणी भरत होते आणि कोण लांब उभे राहत होते, हे आजी-आजोबांना विचारले तरी कळते.

याच काळात, ऑगस्ट १८६८ मध्ये, सावित्रीबाई नायगावला होत्या. तिथे गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा ही महार मुलगी यांच्या प्रेमप्रकरणावरून गाव त्या दोघांना ठार मारायला निघाले होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती दाखवली आणि दोघांचे प्राण वाचवले. हे त्यांनी स्वतः जोतीरावांना पत्राने कळवले आहे. २१व्या शतकातही अशा बातम्या आमच्या डेस्कवर येतात, फक्त त्यात मध्ये पडणारी बाई बहुतेक वेळा नसते.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुरोहिताशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लागला. त्याच्या तयारीत सावित्रीबाई पुढे होत्या.

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. दख्खनच्या पठारावर पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे जिल्हे होरपळले. आपल्या माळशिरसच्या पट्ट्यात तेव्हा नीरेचा कालवा नव्हता, उसाचे नाव नव्हते, होती ती ज्वारी आणि तीही पावसाच्या भरवशावर. सावित्रीबाई जुन्नर भागात मदतकार्यात होत्या. एप्रिल १८७७ मध्ये तिथून लिहिलेल्या पत्रात जनावरे मरत आहेत, लोक गाव सोडून चालले आहेत, असे चित्र आहे. सत्यशोधक समाजाने ठिकठिकाणी मुलांसाठी अन्नछत्रे चालवली.

तिटवे धरणारी पत्नी

जोतीरावांचे निधन २८ नोव्हेंबर १८९० रोजी झाले. अंत्ययात्रेत तिटवे कोणी धरायचे यावरून वाद उभा राहिला. दत्तक मुलाचा तो हक्क नाही, असे नातेवाइकांचे म्हणणे होते. सावित्रीबाईंनी तिटवे स्वतः हातात घेतले आणि त्या पुढे चालल्या. गावाकडे आजही बायकांनी स्मशानात जावे की नाही यावर कुजबुज होते. ही १८९० ची गोष्ट आहे.

१८९३ मध्ये सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १८९६ च्या शेवटी पुण्यात प्लेग शिरला. यशवंत डॉक्टर होऊन लष्करात नोकरीला होते. त्यांना बोलावून घेऊन हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दवाखाना सुरू झाला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचे कळताच ६६ वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

यशवंतही १९०५ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेले. त्यानंतर त्यांच्या पत्नी आणि लहान मुलीचे फार हाल झाले. गंज पेठेतले घर विकावे लागले. महाराष्ट्राला वाचायला शिकवणाऱ्या कुटुंबाच्या सुनेला स्वतःचे छप्पर उरले नाही, आणि हे झाले तेव्हा सत्यशोधक चळवळ जिवंत होती. ही खंत लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मग फुले वाडा आणि नायगाव कसे वाचले?

पुढे गंज पेठेतला वाडा सरकारच्या ताब्यात आला आणि राज्य संरक्षित स्मारक झाला. जोतीरावांची समाधी तिथेच आहे. राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. एखादी वास्तू त्याखाली संरक्षित झाली की तिच्यात बदल करायला, पाडायला बंदी येते आणि देखभालीची जबाबदारी पुरातत्त्व विभागावर पडते. नायगावचे घरही याच विभागाने जुन्या पद्धतीने पुन्हा उभे केले. शेजारी सावित्रीबाईंच्या आयुष्यातले प्रसंग दाखवणारी शिल्पसृष्टी आहे. दर ३ जानेवारीला तिथे सरकारी कार्यक्रम होतो, मंत्री येतात, शाळांच्या बसगाड्यांची रांग लागते.

जुन्या पद्धतीने म्हणजे काय, हे इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाने जरा उलगडून सांगायला हवे. आपल्याकडचे जुने घर लाकडी सांगाड्यावर उभे असते. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा माळवदाची माती. भिंती बहुतेक ठिकाणी फक्त पोकळी भरतात, भार सांगाडा घेतो. अशा घराचा शत्रू पाणी. छत गळायला लागले की भिंतीतली माती बांध सोडते, भिंतीत रुतलेली लाकडाची टोके कुजतात, मग वाळवी येते. वरचा मजला आधी खचतो.

लोक दुरुस्ती म्हणून सिमेंटचा गिलावा मारतात. घर चकाचक दिसते, पण मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडायची बंद होते आणि आतून पोखरणे वाढते. म्हणून जतन करताना चुना वापरतात. चुना, वाळू, त्यात गूळ, हिरडा यांचे पाणी, आणि तो मुरायला वेळ. खर्च जास्त, कारागीर मिळत नाहीत, काम सावकाश चालते. निविदा काढणाऱ्या कोणालाही ही तीन कारणे पुरेशी असतात.

भिडे वाडा का नाही वाचला?

भिडे वाड्याचे प्रकरण पुरातत्त्वाच्या वाटेने गेलेच नाही, ते भूसंपादनाच्या वाटेने गेले. वाडा खासगी मालकीचा होता. खाली दुकाने होती, पिढ्यान् पिढ्यांचे भाडेकरू होते. समोर दगडूशेठ हलवाई गणपती, म्हणजे पुण्यातली सर्वात गजबजलेली जागा. तिथल्या गाळ्याची किंमत काय, हे सांगायला नको.

पुणे महापालिकेने २००६ मध्ये तिथे राष्ट्रीय स्मारक करण्याचा ठराव केला. भूसंपादनाविरोधात मालक आणि भाडेकरू मुंबई उच्च न्यायालयात गेले. सुमारे १३ वर्षे प्रकरण चालले. भाडेकरूंचे म्हणणे सरसकट झटकून टाकण्यासारखे नव्हते. त्यांची रोजीरोटी त्या गाळ्यांवर होती आणि मोबदल्याचा प्रश्न होता. पण या १३ वर्षांत वाड्याला कोणीच हात लावला नाही. निकाल लागेपर्यंत मालकाने खर्च का करावा, आणि ताबा नसताना महापालिकेने कसा करावा? वरचे मजले ढासळत गेले, खाली दुकाने सुरू राहिली. वर सांगितलेली कुजण्याची साखळी तिथे भर रस्त्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पूर्ण झाली.

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी उच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला. ३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला आणि जागा रिकामी करायला महिनाभराची मुदत दिली. ४ डिसेंबरच्या रात्री महापालिकेने पोलीस बंदोबस्तात ताबा घेतला आणि त्याच रात्री यंत्रे लावून उरलेसुरले बांधकाम पाडले. बातम्यांत स्मारकाचा मार्ग मोकळा असे मथळे आले. ते बरोबरच होते. पण ज्या खोलीत त्या सहा मुली बसल्या, ती खोलीही त्याच रात्री गेली.

इमारत इतकी धोकादायक झाली होती की जपणे शक्य नव्हते, असे सांगितले गेले. २०२३ मध्ये ते खरे असेलही. २००६ मध्ये तसे नव्हते. ठराव झाला त्याच वेळी निदान पावसापासून बचाव, टेकू आणि नीट मोजमाप-चित्रे एवढे तरी अंतरिम काम कोर्टाच्या परवानगीने करता आले असते, असे या क्षेत्राची थोडी ओळख असलेल्या कोणालाही वाटेल.

आता तिथे जे होईल त्याला काय म्हणायचे?

जुने टिकवणे म्हणजे जतन. पडझड झालेले जुन्या साहित्याने, जुन्या पद्धतीने सावरणे म्हणजे जीर्णोद्धार. पाडून नवे बांधणे म्हणजे नवे बांधकाम, मग दर्शनी भाग कितीही वाड्यासारखा असो. नायगावला पहिल्या दोन्हींचा मेळ आहे. बुधवार पेठेत होणार आहे ते तिसरे. ते वाईट आहे असे नाही. पहिल्या शाळेची जागा दुकानांच्या पाट्यांखाली दडून राहण्यापेक्षा तिथे स्मारक असणे केव्हाही चांगले. पण पुढच्या पिढीला हाच तो वाडा असे सांगून चालणार नाही. आणि तिथे सावित्रीबाईंच्या जोडीने फातिमा शेख, सगुणाबाई आणि त्या सहा मुलींची नावे दिसतात का, हे पाहावे लागेल.

चिपळूणकरांचा वाडा, रास्ता पेठेतली शाळा, वेताळ पेठेतली शाळा, उस्मान शेख यांचे घर, ससाणे मळ्यातला दवाखाना. या ठिकाणांवर स्मारकाची मागणी क्वचितच ऐकू येते. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचे नाव मिळाले, १९९८ मध्ये टपाल तिकीट निघाले. नावे देणे सोपे असते, त्यात कोणाचा गाळा जात नाही.

नातेपुत्याहून जायचे असेल तर

नायगावला जायला पालखीचा रस्ता उलटा धरायचा : बरड, फलटण, तरडगाव, लोणंद आणि तिथून शिरवळच्या दिशेने. एका दिवसात जाऊन येता येते. ३ जानेवारीला फार गर्दी असते, घर नीट पाहायचे तर दुसरा एखादा दिवस निवडावा. पुण्यात फुले वाडा महात्मा फुले पेठेत आहे, भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या मंदिरापासून तो लांब नाही. वारीला जाणाऱ्यांनी पालखीच्या मुक्कामात तिथे जाऊन यायला हरकत नाही. भिडे वाड्याची जागा दगडूशेठ गणपतीच्या समोरच्या बाजूला आहे.